पुन्हां पाठवावें कीं न पाठवावें?

(नभोवाणीवरील भाषण)



विजेचें बिल आपण फोनवरून भरावयास घेतलें आहे. आंकडा घातला, गुप्त खूण दाबली, आणि पडद्यावरचें चक्र फिरतच राहिलें. 'पोंचले' असें उत्तर नाहीं, 'पोंचले नाहींत' असेंहि नाहीं. पुन्हां बटन दाबावें, तर पैसे दोनदां जाण्याची भीति. न दाबावें, तर बिल थकण्याची. हा पेंच आपणांपैकीं बहुतेकांवर केव्हांना केव्हां आलाच असेल. आज मला जें सांगावयाचें आहे तें याच पेंचाविषयीं. मात्र तो पडतो आपल्या डोळ्यांआड, संगणकाच्या पोटांत. तेथें साठवणीच्या डिस्ककडे आज्ञा सेकंदाला हजारोंनीं सुटत असतात. त्यांतली एखादी अडते, एखादीस उलट उत्तर येतें, एखादीस उत्तरच येत नाहीं. आणि मग त्या आज्ञेचें काय करावयाचें हें ठरविणाऱ्यावर आपलीं छायाचित्रें, आपले हिशोब आणि कित्येकदां रुग्णालयांतलीं टिपणेंहि अवलंबून असतात.

हें ठरविणारा म्हणजे कर्नल. हा लष्करांतला कर्नल नव्हे. मराठींत लिहितांना दोघांचें रूप एकच होतें, पण हा शब्द दाण्याच्या आंतील गर या अर्थाचा आहे. संगणकांतील सर्व कार्यक्रमांच्या तळाशीं बसून स्मृतीची वांटणी करणारा आणि यंत्रांशीं बोलणारा जो गाभ्याचा कार्यक्रम, तो कर्नल. मी उदाहरण घेणार आहे तें लिनक्स या कर्नलचें. १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें तो आरंभिला. त्याचा सारा मजकूर कोणासहि वाचावयास मोकळा आहे, आणि अँड्रॉइड फोनांतून तो बहुधा आपल्याहि खिशांत आहे.

कर्नल आणि डिस्क यांची बोलण्याची एक ठरीव भाषा असते. तिचें एक जुनें नांव स्कझी. अमेरिकेंतील मानक संस्थेनें ती १९८६ सालीं प्रमाण केली. ती जुनी म्हणून मोडींत निघाली असें मात्र समजूं नये. आजच्या अनेक फोनांतील यूएफएस जातीची साठवण याच भाषेंतल्या आज्ञा घेते. वाचण्याची नेहमींची आज्ञा दहा बाइटांची असते. पहिला बाइट हुकूम कोणता तें सांगतो, चार बाइट कोणत्या खंडापासून तें सांगतात, दोन बाइट किती खंड तें. उरलेले तीन किरकोळ कामाचे. चार बाइटांत सुमारें ४२९ कोटी आंकडे मावतात. ५१२ बाइटांचा एक खंड धरला तर २.२ टेराबाइटांपलीकडची जागा या आज्ञेला दाखवितांच येत नाहीं, म्हणून पुढें सोळा बाइटांची आज्ञा प्रचारांत आली.

डिस्ककडे जावयाचा मजकूर असा मूठभर. परंतु कर्नलला स्वतःच्या आठवणीसाठीं जी चिठी ठेवावी लागते ती त्याच्या अनेक पट मोठी असते, आणि माझ्या मतें या शास्त्राचें सारें मर्म त्या चिठींत काय लिहावें आणि काय लिहूं नये यांत आहे. आज्ञेचा मजकूर तर हवाच. आलेली माहिती स्मृतींत कोठें उतरवावयाची, काम झाल्यावर कोणास हांक मारावयाची, हेंहि हवें. डिस्कनें तक्रार केली तर ती उतरून घेण्यासाठीं लिनक्सच्या चिठीवर ९६ बाइटांची कोरी जागा राखलेली असते. मग वेळ. येथें नवशिका एकच वेळ लिहील. अनुभवी माणूस दोन लिहितो: चिठी जन्मली केव्हां, आणि तिची आतांची फेरी सुटली केव्हां. या दोहोंचा उपयोग निराळा आहे, तो पुढें येईल. आणि शेवटीं दोन लहानसे आंकडे: आजवर किती वेळां पुन्हां पाठविली, आणि किती वेळां पाठविण्याची मुभा आहे.

ही मुभा डिस्कसाठीं ५ आहे आणि दर फेरीस वाट पाहण्याची मुदत ३० सेकंद. चुंबकीय फितीसाठीं मात्र मुभेचा हाच आंकडा शून्य आहे. प्रथमदर्शनीं हा भेदभाव चमत्कारिक वाटतो; फीत कांहीं डिस्कहून कमी बिघडते असें नाहीं. कारण आज्ञेच्या स्वभावांत आहे. डिस्कला आपण सांगतों, "सात हजाराव्या खंडावर हा मजकूर लिही." हें दोनदां सांगितलें तरी परिणाम एकच, पाटीवर त्याच जागीं तेंच अक्षर पुन्हां गिरविल्यासारखें. फितीला आपण सांगतों, "जेथें आहेस तेथून पुढें लिही." पहिल्या वेळीं फीत लिहून पुढें सरकली असेल आणि केवळ तिची पोंच वाटेंत हरवली असेल, तर दुसऱ्या वेळीं तोच मजकूर पुढच्या जागीं दुसऱ्यांदा उमटेल आणि त्यानंतरचा सारा क्रम एकानें सरकेल. पत्र दोनदां पोंचलें तर घेणारा हंसेल. मनिऑर्डर दोनदां पोंचली असती तर पाठविणारा हंसला नसता. म्हणून फितीच्या बाबतींत कर्नल आपलें डोकें चालवीत नाहीं. अपयश जसेंच्या तसें वर कळवितो, आणि फीत कोठें उभी आहे हें पाहून काय तें वरच्यानें ठरवावें असें म्हणतो.

डिस्कच्या बाबतींतहि एक खोंच आहेच. एका खंडावरचें पहिलें लिखाण अडलें, त्याच खंडावरचें दुसरें पुढें निघून गेलें, आणि मग पहिलें पुन्हां पाठविलें, तर नव्या मजकुरावर जुना बसेल. लिनक्सनें हा भार वरच्या थरावर टाकला आहे: ज्यास क्रम हवा असेल त्यानें पहिल्याची पोंच मिळेपर्यंत दुसरें पाठवूंच नये. ही व्यवस्था कांहींशी कठोर आहे, पण मला ती पटते. कारण रांगेंतील प्रत्येक चिठीचा क्रम सांभाळण्याचें व्रत कर्नलनें घेतलें असतें, तर एका अडलेल्या चिठीपायीं शेंकडों निरपराध चिठ्या तिष्ठत राहिल्या असत्या.

आतां उत्तरांकडे वळूं. 'नाहीं' या उत्तराच्या अनेक जाती असतात, आणि सगळ्यांना एकच औषध देणारा वैद्य येथेंहि रोग्यास मारतो. डिस्क म्हणाली, "ही आज्ञाच मला कळत नाहीं," तर ती पांच वेळां ओरडून सांगण्यांत अर्थ नाहीं. डिस्क म्हणाली, "हा खंड मला वाचतां आला नाहीं," तर आपणांस वाटतें आणखी एकदां पाहावयास काय हरकत आहे? पण असें उत्तर देण्यापूर्वीं डिस्कनें स्वतःच तो खंड अनेकवार वाचून पाहिलेला असतो. म्हणून या विशिष्ट उत्तरावर लिनक्स पुन्हां पाठवीत नाहीं. तिसरें एक उत्तर मोठें मौजेचें आहे. त्याचा भावार्थ, "इकडे लक्ष द्या, मध्यंतरीं माझ्या स्थितींत बदल झाला आहे." स्थिर बसविलेल्या डिस्ककडून हें आलें तर बहुधा ती नुकतीच नव्यानें सुरू झालेली असते, आज्ञा पुन्हां पाठवावी, काम होतें. पण काढतां-घालतां येणाऱ्या डिस्ककडून आलें तर? तर कोणीं जुनी काढून दुसरीच आंत घातली असण्याचा संभव आहे, आणि आपली आज्ञा पुन्हां पाठविणें म्हणजे शेजाऱ्याच्या वहींत आपला जमाखर्च लिहिणें होय. तेथें आज्ञा अयशस्वीच ठरवावी लागते. उत्तर अक्षरशः एक, निर्णय दोन.

आणि चौथें उत्तर, "माझी रांग भरली आहे, थोडें थांबा." हें अपयश नव्हेच. बँकेंत पूर्वीं पितळेचा बिल्ला मिळे. बिल्ले संपले तर गिऱ्हाइकाचा धनादेश खोटा ठरत नसे. डिस्कचेहि असे बिल्ले असतात. साटा जातीच्या डिस्कला एका वेळीं फार तर ३२ आज्ञा हातीं घेतां येतात. रांग भरल्याचें उत्तर आलें कीं कर्नल ती चिठी रांगेच्या तोंडाशीं परत ठेवतो आणि प्रयत्नांच्या आंकड्यांत तिची गणना करीत नाहीं. पण गणना नाहीं म्हणजे अंतहि नाहीं काय? येथें तो जन्मवेळ कामास येतो. परवानगीच्या सर्व फेऱ्यांना मिळून जितका वेळ लागला असता, म्हणजे एक मूळची आणि पांच पुन्हांच्या अशा सहा फेऱ्यांचे १८० सेकंद, तितका काळ जन्मापासून लोटला कीं चिठी बाद होते. नाहींतर सदैव 'थांबा' म्हणणारी डिस्क कर्नलला जन्मभर उभें ठेवील.

याच ठिकाणीं एक जुना सांपळा आहे. परत ठेवलेली चिठी पुन्हां केव्हां पाठवावयाची? सहज सुचणारें उत्तर असें कीं, त्याच डिस्ककडची दुसरी एखादी आज्ञा पुरी होऊन आली कीं पाठवावी, कारण तेव्हां बिल्ला मोकळा होतो. उत्तर ठीक आहे. परंतु डिस्ककडे दुसरी आज्ञा मुळीं नसेलच तर? मग पुरें होऊन येणारें कांहींच नाहीं, जागें करणाराहि कोणी नाहीं, आणि सारी रांग शांतपणें झोपीं जाते. यंत्र चालू, डिस्क धडधाकट, चूक कोठेंच दिसत नाहीं, आणि काम मात्र ठप्प. म्हणून चिठी परत ठेवणाऱ्यानें आधीं पाहावयाचें असतें कीं डिस्ककडे आणखी कांहीं बाकी आहे काय. नसल्यास कांहीं मिलिसेकंदांनीं वाजणारें घड्याळ लावूनच त्यानें हात काढावयाचा.

परंतु खरें कठीण उत्तर म्हणजे मौन. ३० सेकंद झाले, उत्तर नाहीं. डिस्क मेली आहे, कीं कामांत आहे, कीं काम करून पोंच द्यावयास विसरली? आणि समजा, मुदत संपल्याची घंटा वाजली त्याच क्षणीं, संगणकाच्या दुसऱ्या प्रोसेसरवर उत्तरहि येऊन पोंचलें! एक हात चिठी 'पुरी झाली' म्हणून फाडावयास निघाला आहे, दुसरा हात तीच 'हरवली' म्हणून पुन्हां पाठवावयास. यासाठीं चिठीवर एक खूण असते; ती पाहणें आणि टाकणें या दोन क्रिया यंत्र एकाच अखंड क्षणांत करतें. जो आधीं खूण टाकील, चिठी त्याची. दुसऱ्यानें निमूटपणें हात मागें घ्यावा.

मुदत संपली म्हणून चिठीची जागा आणि बिल्ला लगेच दुसऱ्यास देऊन टाकणें हा सर्वांत घातक अविचार. डिस्क कदाचित् अजून त्या आज्ञेवर काम करीत असेल, आणि मागाहून माहिती आणून आपण पूर्वीं दाखविलेल्या स्मृतीच्या जागेंत ओतील. मध्यंतरीं ती जागा दुसऱ्या कार्यक्रमास दिली असेल तर त्याच्या मजकुराची राखरांगोळी होईल, आणि दोष कोणाचा हें शोधूनहि सांपडणार नाहीं. म्हणून आधीं डिस्कला 'ती आज्ञा सोडून दे' असें सांगावयाचें आणि सोडल्याची खात्री करून घ्यावयाची. तिनें ऐकलें नाहीं तर तें एक यंत्र नव्यानें सुरू करावयाचें. तेंहि न साधलें तर वाहिनी, मग संपूर्ण जोडणी-यंत्र. आणि सर्व उपाय हरले म्हणजे ती डिस्क पंक्तींतून उठविली असें जाहीर करावयाचें. मधूनमधून 'तूं शुद्धीवर आहेस काय' असें विचारावें लागतें, आणि हें विचारण्यासाठींहि लिनक्स तीच चिठी वापरतो. मूळ मजकूर बाजूला उतरून ठेवतो आणि काम झालें कीं परत जागेवर घालतो. या व्यवस्थेंतलें वैगुण्य मात्र सांगितलेंच पाहिजे. स्कझीमध्यें हा उपचार चालू असतां त्या जोडणी-यंत्रावरच्या सर्व डिस्कना नव्या आज्ञा बंद होतात. एका रोग्यापायीं सारी पेठ बंद ठेवण्यासारखाच हा प्रकार; आणि मोठमोठ्या साठवण-घरांतून त्याबद्दल वर्षानुवर्षें कुरकुर झालेली आहे.

बिल्ल्यांच्या बाबतींत अलीकडे एक सुरेख सुधारणा झाली. एनव्हीएमई या नव्या भाषेंत, जिचें पहिलें प्रमाणपत्रक २०११ सालीं निघालें, प्रत्येक आज्ञेचा क्रमांक १६ बिटांचा असतो. २०२१ सालीं लिनक्समध्यें त्याचे दोन भाग पाडण्यांत आले: १२ बिटांत बिल्ला, आणि उरलेल्या ४ बिटांत तो बिल्ला कितव्यांदा दिला याची फिरती गणना. त्यामुळें जुन्या आज्ञेचें उशिरां आलेलें उत्तर त्याच बिल्ल्याच्या नव्या मालकाच्या पदरांत पडावयाचें टळतें. कांहीं यंत्रांना एवढे मोठे क्रमांक मानवेनात, म्हणून त्यांच्यापुरतें हें बंद ठेवावें लागलें, ती गोष्ट निराळी.

आतां स्मृतीविषयीं. पुन्हां पाठवितांना नवी चिठी करावी कीं जुनीच वापरावी? नवी करणें सोपें दिसतें. पण असा प्रसंग कल्पा कीं संगणकाची स्मृति भरून गेली आहे. ती मोकळी करण्यासाठीं कर्नल तींतला कांहीं मजकूर डिस्कवर लिहूं पाहतो. लिहिण्यासाठीं चिठी हवी, चिठीसाठीं स्मृति हवी, आणि स्मृति तर नाहीं! विहिरींत पडलेल्यानें दोर आणावयास घरीं जावें तशी ही अवस्था. म्हणून चिठ्या आधींच, जितके बिल्ले तितक्या, कापून ठेवलेल्या असतात; बिल्ल्याचा आंकडा हाच चिठीच्या जागेचा आंकडा. त्याखेरीज थोडी स्मृति या एकाच कामासाठीं कुलुपांत राखलेली असते. पुन्हां पाठविण्याची वेळ आली कीं तीच चिठी रांगेंत परत जाते, नवें कांहीं मागावें लागत नाहीं. संकटाच्या वाटेवर कोणतीहि नवी उसनवारी करावयाची नाहीं, हा नियम कर्नल रचणारे फार कसोशीनें पाळतात.

रांगा किती असाव्यात, हा प्रश्न पूर्वीं नव्हताच. दर डिस्कला एक रांग आणि तिला एक कुलूप. फिरत्या तबकडीच्या मंद चालीला तें पुरत असे. विजेच्या साठवणी आल्या आणि डिस्कपेक्षां कुलुपाशींच गर्दी होऊं लागली. २०१३ सालीं ब्यॉर्लिंग, अ‍ॅक्स्बो, नेलन्स व बोनेट या चौघांनीं एका निबंधांत प्रत्येक प्रोसेसरला आपापली रांग देण्याची रचना मांडली. जानेवारी २०१४ मध्यें ती लिनक्समध्यें आली आणि २०१९ सालीं जुनी एकेरी रांग कायमची काढून टाकण्यांत आली. एनव्हीएमईच्या नियमांत तर ६५,५३५ पर्यंत रांगांची सोय आहे, मग प्रत्यक्षांत यंत्र त्यांतल्या थोड्याच देवो.

आपणां घरच्या मंडळींना ज्याचा चटका बसतो तो भाग पुढचा आहे. पुन्हां प्रयत्न करणारा कर्नल एकटा नसतो. डिस्क स्वतः प्रयत्न करते, तिच्यावर कर्नल, त्याच्यावर डिस्कच्या जोड्या सांभाळणारी रेड नांवाची व्यवस्था, त्यावर कार्यक्रम, आणि शेवटीं बटन दाबणारे आपण. प्रत्येकजण आपल्या परीनें चिकाटी दाखवितो आणि त्या चिकाटींचा गुणाकार होतो. घरगुती वापराच्या कांहीं डिस्क एका वाईट खंडापायीं ३० सेकंदांहून अधिक झगडत बसतात. कर्नलची मुदत मात्र ३० सेकंदांचीच. तो समजतो डिस्क मेली, आणि उपचार सुरू करतो. दोन डिस्कांच्या पेटींत यामुळें चांगली, केवळ एका जागीं खरचटलेली डिस्क जोडींतून बाहेर पडावयाची; आणि मग उरलेलीवर भार पडून तिचाहि एखादा खंड निघाला नाहीं तर सारेंच गेलें. म्हणून जोडीसाठीं बनविलेल्या डिस्क बहुधा सातएक सेकंदांतच हार कबूल करतात. जेथें मजकुराची दुसरी प्रत तयार आहे तेथें लवकर 'नाहीं' म्हणणें हीच सेवा. लिनक्सच्या चिठीवरहि 'ही आज्ञा अडली तर फार खटपट करूं नका' अशी खूण वरच्या थराला करतां येते. एनव्हीएमईमध्यें याची उलट बाजू आहे: उत्तरांत एक बिट असा असतो कीं तो लागला तर 'पुन्हां पाठवूं नका' असें यंत्रच सांगतें, आणि २०१९ च्या नियमांपासून किती वेळ थांबून पाठवावें हेंहि त्यास सांगतां येतें. बाहेरून अंदाज बांधण्यापेक्षां आंतल्यालाच विचारणें, ही मला या सर्व इतिहासांतील शहाणपणाची पायरी वाटते.

वेळ संपत आली, तरी एक हकीकत सांगून थांबतों. पोस्टग्रेस नांवाचा एक नामांकित माहिती-भांडार सांभाळणारा कार्यक्रम आहे. तो लिहिलेला मजकूर डिस्कवर पक्का झाला काय, असें कर्नलला विचारी; 'नाहीं' आलें तर थोड्या वेळानें पुन्हां विचारी; दुसऱ्या वेळीं 'होय' आलें म्हणजे निश्चिंत होई. २०१८ सालीं उघडकीस आलें कीं लिनक्समध्यें हें दुसरें 'होय' फसवें होतें. पहिलें अपयश एकदां कळवून झालें कीं कर्नल तो मजकूर 'लिहावयाचा बाकी' या यादींतून काढून टाकी. दुसऱ्या वेळीं यादी रिकामी दिसे, म्हणून 'होय'. मजकूर डिस्कवर गेलेलाच नसे. वीस वर्षें जाणत्यांनीं वापरलेल्या कार्यक्रमांत ही समजूत तशीच राहिली होती. फेब्रुवारी २०१९ मध्यें पोस्टग्रेसच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. तेव्हांपासून पहिलें 'नाहीं' येतांच तो कार्यक्रम दुसऱ्यांदा विचारीत नाहीं. तो स्वतः होऊन बंद पडतो, पुन्हां उठतो, आणि आपल्या रोजकीर्दींतून सारा हिशोब आरंभापासून नव्हे, पण शेवटच्या पक्क्या खुणेपासून पुन्हां मांडतो.